विरोधी मताच्या लेखकाचे ऋण

टॉम क्लॅन्सी या अमेरिकन कादंबरीकाराचे राजकारण मला मान्य नाही. शस्त्रबळावरील त्याची अढळ श्रद्धा, स्वराष्ट्राच्या हेतूंविषयी त्याला सहसा न शिवणारी शंका आणि परराष्ट्रांकडे संभाव्य वैरी म्हणून पाहण्याची त्याची दृष्टी ही तिन्ही मला त्याज्य वाटतात; तरीसुद्धा फोर्टातल्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या राशीतून उचललेली त्याची ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ ही कादंबरी मी आजवर तीन वेळा वाचली असून, तिसऱ्या खेपेसही ती संपेपर्यंत मला दिवा मालवता आला नाही.

१९८४ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा कर्ता मेरीलँडमध्ये विम्याचा व्यवसाय करीत होता, आणि अधू दृष्टीमुळे लष्करी सेवेचा अनुभव त्याच्या गाठीशी मुळीच नव्हता. असे असूनही ‘डॅलस’ या अमेरिकन पाणबुडीवरचा जोन्स हा तरुण हेडफोन लावून बसलेला असताना समुद्राच्या कोलाहलातून एक क्षीण ध्वनी त्याच्या कानी पडतो, तो भूगर्भातील हालचालीचा असल्याचा निर्वाळा यंत्र देते, आणि तरीही आपल्या कानांवर भरवसा ठेवून तो त्या ध्वनीचा माग सोडत नाही, हा प्रसंग क्लॅन्सी अशा तन्मयतेने रंगवतो, की कामात निष्णात असलेल्या माणसाविषयीचा आदर वाचकाच्या मनात आपसूक उपजतो. हा आदर कोणत्याही पक्षाच्या मालकीचा नाही.

परंतु याच कादंबरीच्या मुळाशी असलेली हकीकत दप्तरातून बाहेर काढली, म्हणजे आस्वादाइतकीच सावधगिरीही का आवश्यक आहे, ते कळते. ८ नोव्हेंबर १९७५ च्या रात्री रीगा बंदरात ‘स्तोरोझेवॉय’ या सोव्हिएत युद्धनौकेवर बंड झाले. त्याचा म्होरक्या वालेरी साब्लिन हा नौकेवरचा राजकीय अधिकारी होता. त्याला पश्चिमेकडे पळायचे नव्हते, तर लेनिनग्राडला जाऊन, सत्ताधाऱ्यांनी क्रांतीशी द्रोह केला आहे, अशी जाहीर फिर्याद रशियन जनतेपुढे मांडायची होती. क्लॅन्सीने या बंडातून स्फूर्ती घेतली आणि त्याचा अर्थ उलटा केला: त्याचा नायक रामियस, ‘रेड ऑक्टोबर’ या सोव्हिएत पाणबुडीचा कप्तान, अमेरिकेच्या आश्रयाला निघतो, आणि कथेच्या प्रारंभीच ज्याला ठार करतो, तो नेमका नौकेवरचा राजकीय अधिकारीच असतो.

लेखकाचा पक्षपात ठसठशीत विधानांपेक्षा अशा निवडीत अधिक वसतो. क्लॅन्सीच्याच १९९४ च्या ‘डेट ऑफ ऑनर’ या कादंबरीत जपान अमेरिकेवर उलटतो आणि भारताचे आरमार श्रीलंकेवर डोळा ठेवून हिंदी महासागरात वावरते, तेथे हा पक्षपात उघड दिसल्याने भारतीय वाचक स्वाभाविकपणेच सावध होतो. कौशल्याने विणलेल्या कथेतला पक्षपात मात्र रसाबरोबर नकळत गळी उतरतो, म्हणून आवडत्या पुस्तकाची फेरतपासणी नावडत्यापेक्षा अधिक कसोशीने झाली पाहिजे.

तथापि फेरतपासणी म्हणजे बहिष्कार नव्हे. केवळ स्वमताच्या लेखकांचेच ग्रंथ वाचणाऱ्याला आपल्या मताचे बळ कधी अजमावता येत नाही, कारण ज्या कल्पनेचे आकर्षण आपण स्वतः अनुभवले नाही, तिला दिलेला नकार हा विचारांती दिलेला निवाडा नसून निव्वळ सवय असते. क्लॅन्सीने मला शस्त्रसामर्थ्याचे आकर्षण आतून दाखवले. त्याचे हे ऋण मी मानतो आणि त्याचा निष्कर्ष नाकारतो.

म्हणून वाचकांना माझी विनंती अशी, की रामियसची कथा मनमुराद वाचा, तिच्या रचनेला मोकळेपणाने दाद द्या. आणि पुस्तक मिटल्यावर त्या साब्लिनचीही हकीकत वाचा, ज्याला १९७६ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याच्याच सरकारने गोळ्या घातल्या.