आजी कानडीत मोजते

मागच्या महिन्यात या सदरात एक काम दिलं होतं. घरातल्या एखाद्या माणसावर दोन-तीन पानांची कथा लिहा, आणि त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते वाचणाऱ्याला कळू द्या, एवढीच अट. अकराजणांनी कथा पाठवल्या. सुट्टीचे दिवस असताना अकरा म्हणजे बऱ्याच झाल्या, म्हणून आधी सगळ्यांना शाबासकी.

आता तक्रार. अकरापैकी सहा कथांत कुणाच्या तरी मनात विचारांचं काहूर माजलंय. चार ठिकाणी डोळ्यांत नकळत पाणी तरळलंय. दोघांच्या पायाखालची जमीन सरकली, त्यातल्या एकाची तर सेमिस्टरच्या निकालावरून. रागावू नका, तुमच्या वयात मीही हेच लिहीत होते. बेळगावच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लिहिलेल्या माझ्या पहिल्या कथेत नायिकेच्या काळजाचं पाणी एकाच पानावर दोनदा झालं होतं. सरांनी दुसऱ्या वेळच्या पाण्याखाली लाल रेघ मारून शेजारी फक्त ‘अजून?’ असं लिहिलं होतं.

यातल्या एका कथेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. लिहिणारी मुलगी निपाणीत वाढलेली, आता नोकरीसाठी पुण्यात. तिच्या आजीनं तीस वर्षं विड्या वळल्या. दोन वर्षांपूर्वी निपाणीचं घर विकून सगळं कुटुंब पुण्याला आलं. कथा आहे ती घर सोडण्याच्या आदल्या दिवसाची. बांधणी चांगली, भाषा स्वच्छ. पण ऐन जागी आल्यावर वाक्य काय, तर ‘आजीला अतीव दुःख झाले. तिच्या मनात आठवणींचे काहूर माजले.’ पुढच्या ओळीत ट्रक आला आणि कथा संपली.

मी तिला फोन केला. विचारलं, त्या दिवशी आजी काय करत होती?

“काही नाही काकू. भांडी मोजत बसलेली.”

“म्हणजे?”

“पोत्यात भरायची होती ना. मोजायची, पोत्यात घालायची, परत बाहेर काढून मोजायची. चार-पाच वेळा तरी केलं. पप्पा शेवटी वैतागले.”

“आकडा जुळत नव्हता?”

“कसा जुळणार? ते तांब्याचं घंगाळ होतं की. पुण्याच्या फ्लॅटात घंगाळ कुठं ठेवायचं म्हणून ते इथंच कुणाला तरी द्यायचं ठरलेलं. आजी एकदा ते धरून मोजायची, एकदा सोडून मोजायची.”

“मोठ्यानं मोजत होती?”

“होय की. वंदु, येरडु, मूरु... ती कानडीतच मोजते. विड्या मोजून घेणारा माणूस कानडी होता, तेव्हापासूनची सवय. इप्पत्नाल्कुला येऊन थांबायची. घंगाळ धरलं की इप्पत्तैदु. पंचवीस विड्यांचा कट्टा असायचा ना.”

मी विचारलं, अगं, मग हे कथेत का नाही? ती म्हणाली, “आधी लिहिलेलं. मग काढलं. एक तर मराठी मंडळाचा अंक, त्यात कानडी कसं चालंल? आणि भांडी मोजणं म्हणजे काय भावना नव्हे.”

दोन्ही कारणं तिनं अगदी प्रामाणिकपणे सांगितली. ती तुमच्यापैकी बऱ्याचजणांची असणार, म्हणून आजचं सदर या दोन कारणांवरच.

आधी दुसरं घेऊ. भांडी मोजणं ही भावना नव्हे, हे बरोबर. भरताच्या नाट्यशास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे, अनुभाव. मनात जे उठतं ते बाहेर जिथून दिसतं, ते अनुभाव. नट रंगमंचावर येऊन ‘मला शोक झाला आहे’ असं सांगत नाही. त्याचा आवाज फुटतो, हात थरथरतो, चालता चालता तो थबकतो. कितीतरी शतकांनंतर, १८८६ साली, रशियात चेखव्हनं आपल्या थोरल्या भावाला पत्रातून जवळपास हाच सल्ला दिला. भाऊही लिहीत असे. पात्राच्या मनाची अवस्था वर्णन करायच्या फंदात पडू नकोस, ती त्याच्या वागण्यातून कळू दे, असा त्याचा आशय. चेखव्ह पेशानं डॉक्टर. रोग्याच्या ‘फार दुखतंय’पेक्षा तो कुठं हात ठेवतो हे बघायची सवय त्याला असणारच.

पण या सल्ल्यातही एक खोच आहे. ‘भावना सांगू नका, कृती दाखवा’ असं म्हटलं की लगेच सगळे मुठी आवळायला लागतात. ओठ चावतात, खिडकीबाहेर शून्यात बघतात. या कृतीसुद्धा काहुराइतक्याच वापरून गुळगुळीत झाल्यात, कारण त्या कुणाच्याही आहेत. मालिकेत सासूचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, तसलंच ते. इप्पत्नाल्कुपाशी अडणं हे फक्त त्या आजीचं आहे. आयुष्यभर पंचविसाचा कट्टा पुरा करत आलेल्या बाईला चोवीसवर थांबायला लागणं म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि प्रत्येक भावना दाखवत बसायची, असंही नाही. रिक्षावाल्यानं सुटे दिले नाहीत आणि नायकाला राग आला, तर ‘राग आला’ लिहा आणि पुढे चला. जिथं कथेचा जीव आहे तिथंच थांबायचं.

या ‘राग आला’वरून एक गंमत सांगते. तुमच्यातले बहुतेकजण इंग्रजी माध्यमातले. तुमच्या कथांत ‘ती उत्साहित होती’, ‘तो निराश होता’, ‘मी खूप एक्साइटेड होतो’ अशी वाक्यं येतात. इंग्रजीत माणूस स्वतःच रागावलेला, थकलेला, आनंदलेला ‘असतो’. आपल्याकडे भावना बहुधा बाहेरून माणसाकडे येते. राग येतो, कंटाळा येतो, भीती वाटते, हुरहूर लागते, चुटपूट लागून राहते, हसू फुटतं, रडू कोसळतं. प्रत्येकीची क्रिया वेगळी. हसू फुटतं पण कोसळत नाही. हुरहूर लागते, तशी ती येत नाही. या क्रियापदांत निम्मं वर्णन आधीच झालेलं असतं, आणि आपण ते टाकून ‘उत्साहित’ शोधत बसतो. गंमत पुढेच आहे. कानडीतही तस्संच म्हणतात. ‘ननगे सिट्टु बंतु’ म्हणजे शब्दाला शब्द ‘मला राग आला’. रागाच्या बाबतीत तरी बेळगावात दोन्ही भाषांचं एकमत आहे!

आता पहिलं कारण. मराठी मंडळाचा अंक, त्यात कानडी कसं चालेल?

प्रकाश नारायण संतांचा लंपन माहीत आहे ना? पुस्तक वाचलं नसेल तरी २०२४ मध्ये आलेली मालिका पाहिली असेल. संतांचा जन्म १९३७ सालचा, बेळगावचा. कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. कवयित्री इंदिरा संत त्यांच्या आई. वडील ना. मा. संत १९४६ साली गेले, तेव्हा हा मुलगा आठ-नऊ वर्षांचा. पुढे ते कऱ्हाडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. ‘वनवास’ हा लंपनच्या कथांचा पहिला संग्रह आला १९९४ मध्ये, म्हणजे लेखक सत्तावन्न वर्षांचा झाल्यावर. मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, आणि ते गेल्यावर २००४ मध्ये ‘झुंबर’.

आईवडिलांपासून लांब, सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा. त्याला आईची आठवण येते, सुमी आवडते, संगीत ऐकून आत काहीतरी होतं. यातलं कितीतरी तो नाव घेऊन सांगत नाही, कारण त्याच्या वयाच्या मुलाकडे त्या भावनांना नावंच नाहीत. त्याच्याकडे काय आहे? ‘मॅड’ हा एक शब्द, जो तो कशालाही लावतो. आणि आकडे. काही फार झालं की लंपन मोठमोठे, मनाला येतील ते आकडे फेकतो. पोराचं गणित बघून आपण हसतो आणि हसता हसता ध्यानात येतं, की आकडा जेवढा मोठा तेवढं आत काहीतरी जास्त हललंय. मोठ्या लेखकानं ‘त्याला व्याकूळ वाटलं’ असं लिहून टाकलं असतं तर लंपन तिथंच मेला असता. आणि त्या पुस्तकांत कानडी सगळीकडे आहे, माणसांत, हाकांत, बोलण्याच्या लकबीत. पुण्या-मुंबईच्या, कानडीचं अक्षर न कळणाऱ्या वाचकांनी ती पुस्तकं डोक्यावर घेतली. कुणी म्हटलं नाही, की मराठी पुस्तकात हे कसं.

दुसरं उदाहरण तर तुमच्या आईवडिलांना तोंडपाठ असेल. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. तिथं भेटलेल्या रावसाहेबांवर त्यांनी लिहिलं, ते ‘गणगोत’मध्ये आहे. रावसाहेबांचं मराठी कानडी वळणाचं, लिंगं इकडची तिकडे, आणि वाक्याला एक शिवी. माया जितकी जास्त तितकी शिवी सणसणीत. त्यांची भाषा धुऊनपुसून प्रमाण मराठीत लिहिली असती तर माणूस गेलाच असता, त्याची मायाही गेली असती. ती शिवीतच तर होती.

तुमच्या निपाणीचेच महादेव मोरे. पिठाची गिरणी चालवत त्यांनी जन्मभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या, २०२४ मध्ये ते गेले. ड्रायव्हर, हमाल, विड्या वळणाऱ्या बायका, ही त्यांची माणसं. गिरणीवर दळण घेऊन येणारी बाई ज्या भाषेत आपलं गाऱ्हाणं सांगते, ती भाषा त्यांनी कथेबाहेर ठेवली नाही. निपाणीच्या पोरांनी त्यांचं एक तरी पुस्तक शोधून वाचावं, ही माझी जरा आग्रहाची विनंती समजा.

सीमाभागातल्या आपल्या घरांत माणूस दिवसभरात दोन-तीन भाषांतून ये-जा करतो. शाळा एका भाषेत, बाजार दुसऱ्या, भांडण तिसऱ्या. माझी आई देवापुढे मराठीत बोलायची, भाजीवालीशी कानडीत, आणि आमच्यावर फार चिडली की दोन्ही. ती कानडीवर गेली की आम्ही भावंडं अंगणात पळायचो, मराठीत असेपर्यंत भीती नसायची. तेव्हा तुमचं पात्र कुठल्या क्षणी कुठल्या भाषेत विचार करतं, हे नुसतं गावाचा रंग भरण्यापुरतं नाही. त्याच्या मनाचा पत्ताच तिथं आहे. आजी मराठीत मोजायला लागली तर ती पाहुण्यांसमोर मोजते आहे. कानडीत मोजते तेव्हा ती एकटी आहे, तरुण आहे, मांडीवर सूप आहे आणि समोर कट्टे मोजून घेणारा बसलाय. प्रश्न भाषेच्या अभिमानाचा नाहीच. ते दोन आकडे खोडले, तर तिची तीस वर्षं कथेतून जातात.

मग विचार लिहायचे कसे, असं दोघांनी विचारलंय. एक साधी युक्ती करून बघा. ‘तिला वाटलं की’, ‘तिच्या मनात विचार आला की’ हे काढून टाका आणि वाक्य तिच्या शब्दांत तसंच ठेवा. ‘आजीला वाटले की घंगाळ येथेच ठेवणे योग्य होणार नाही’ याऐवजी नुसतं लिहा: ‘आजीनं घंगाळ पालथं केलं. बुडाला कलंक धरलेला. चिंच लावली असती तर निघाला असता. आणि ज्यांना देणार ते काय चिंच लावणारेत?’ शेवटची दोन वाक्यं कुणाची? लेखिकेची नव्हेत, आजीची. अवतरणचिन्हं नाहीत, ‘वाटलं’ नाही, तरी आपण तिच्या डोक्यात आहोत. फक्त एक सांभाळा. तिच्या डोक्यात असताना तिला माहीत नसलेले शब्द तिथं जाऊ देऊ नका. ‘स्थलांतर’, ‘मुळं उखडणं’, ‘अस्तित्व’ हे तुमचे शब्द. आजीचा शब्द चिंच.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, काढलेलं परत घाल. अतीव दुःख आणि काहूर यांना सुट्टी दे. वंदु, येरडु तसंच राहू दे, अर्थ कंसात देऊ नकोस. ज्याला कळणार नाही त्याला मोजणं तरी ऐकू येईल.

आठवड्यानं कथा परत आली. आता ट्रक येतो तेव्हा आजी पाचव्यांदा मोजत असते, आणि वैतागलेले पप्पा येऊन काही न बोलता घंगाळ उचलून पोत्यापाशी ठेवतात. मी फोन करून विचारलं, हे खरंच झालं की तू रचलंस? म्हणाली, “खरंच झालं काकू. मला लिहिताना आठवलं. पप्पांनाही वाईट वाटलेलं, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.”

कथा पुढच्या अंकात येते आहे. घंगाळ पुण्यात बाल्कनीत आहे, त्यात आजीनं कोरफड लावलीय. बाकीच्या दहाजणांनी आपापल्या कथा पंधरा तारखेपर्यंत पुन्हा पाठवा. पाठवण्याआधी घरी एक फोन करा आणि विचारा, त्या दिवशी नेमकं काय करत होतात?