ताराबाईंचा गौरव आणि आपली प्रश्नपत्रिका

मार्च महिना आला की महाविद्यालयांच्या मराठी विभागांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार, कर्तबगार स्त्रियांना शाल-श्रीफळ, एखादे व्याख्यान. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. उपेक्षेपेक्षा उत्सव केव्हाही बरा. प्रश्न एवढाच, की साहित्याच्या अभ्यासकाने स्त्रीच्या कर्तृत्वाचा गौरव करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकाची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली (पुढे ती सौम्य करण्यात आली). त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जे दोषारोप झाले, त्यांना बुलढाण्याच्या ताराबाईंनी दिलेले उत्तर म्हणजे हे पुस्तक. १८८२ मध्ये ते पुण्यात छापले गेले. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मधून त्याची बाजू घेतली. त्यानंतर मात्र जवळजवळ शांतताच. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केले, तोपर्यंत ९३ वर्षे लोटली होती. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षीची भाषणे आज कोणाच्या स्मरणात आहेत? मालशे यांची आवृत्ती मात्र अभ्यासकाला आजही लागते. एका संपादकाने केलेल्या कष्टांमुळे एक लेखिका मराठीला परत मिळाली, याहून मोठा सत्कार मला सुचत नाही.

पण परत मिळालेल्या ताराबाईंना आपण बसवले कुठे? बहुधा 'स्त्रीवादी साहित्य' या स्वतंत्र अभ्यासपत्रिकेत. तिथे त्या 'आद्य स्त्रीवादी लेखिका' म्हणून येतात आणि 'ताराबाईंचे स्त्रीविषयक विचार स्पष्ट करा' या प्रश्नापुरत्या उरतात. गद्यशैलीचा विचार करायची वेळ आली की आपण 'निबंधमाले'कडे वळतो. वास्तविक विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे निधन आणि ताराबाईंच्या पुस्तकाचे प्रकाशन ही एकाच वर्षातली, १८८२ मधली. एकीकडे संस्कृत-इंग्रजी व्यासंगातून घडलेले भारदस्त, लांब पल्ल्याचे वाक्य. दुसरीकडे पुरुषांना समोर उभे करून थेट विचारलेला जाब, घरगुती दाखले, उपरोध, बोलता बोलता एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर झेपावणारी भाषा. हे दोन्ही मराठी गद्यच. परंतु पहिल्याला आपण शैली म्हणतो आणि दुसऱ्याला तळमळ. ताराबाईंनी समकालीन कादंबऱ्या-नाटकांतील स्त्रीचित्रणाचाही समाचार घेतला आहे, म्हणजे त्या समीक्षकही आहेत. मराठी समीक्षेच्या इतिहासात त्यांना एखादा परिच्छेद तरी मिळायला हवा.

इथे कोणी म्हणेल, ताराबाईंच्या लेखनात दोषही आहेत. आहेतच. युक्तिवाद पुष्कळदा भरकटतो, पुनरुक्ती होते, इंग्रजी अमदानीवरचा त्यांचा विश्वास आज भाबडा वाटतो. हे सारे वर्गात निःसंकोच बोलले जावे. चिपळूणकरांच्या अभिनिवेशावर आपण इतकी वर्षे वाद घालतो, तो त्यांना मोठे मानतो म्हणूनच. स्त्रीच्या लेखनाचे केवळ कौतुक करायचे आणि त्याच्याशी भांडायचे मात्र नाही, यात समता कुठली?

संख्येचा आग्रहही सोडू नये. २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनापर्यंत अध्यक्षपदी आलेल्या स्त्रिया सहाच: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. पैकी पहिल्या १९६१ च्या, म्हणजे संमेलनाची परंपरा सुरू झाल्यावर ८३ वर्षांनी आलेल्या.

मराठी विभागांना करण्याजोगी कामे साधी आहेत. किर्लोस्करांनी १९३० मध्ये सुरू केलेल्या 'स्त्री' मासिकाचे जुने अंक ज्या ग्रंथालयात असतील, तिथे विद्यार्थ्यांच्या एका गटाने वर्षभर बसून लेखिकांची सूची करावी. एखादे दुर्मिळ पुस्तक शब्दार्थ आणि टीपांसह सिद्ध करावे. आणि येत्या अंतर्गत परीक्षेत चिपळूणकर व ताराबाई यांच्या गद्याची तुलना करायला सांगावी. उत्तरे कशी येतात, ते पाहण्याची मला उत्सुकता आहे.