एक रिव्हॉल्व्हर, तीन कामं आणि भिंतीतलं भोक

गेल्या शनिवारी सकाळी आतेभाऊ निफाडहून थेट घरी आला. तो ऊस आणि द्राक्षं करतो, मी नाशकात बसून कोड लिहितो. चहा व्हायच्या आत त्याने खिशातून कागद काढला.

"तू कंप्युटरवाला. तुला हे कंपॅरिझन वगैरे जमतं. मला एकच रिव्हॉल्व्हर सांग, तिन्ही कामाला चालंल असं. लई मोठं नको, लई बारीक नको."

तिन्ही कामं कागदावर लिहिलेली होती. एक, कधीमधी रेंजवर जाऊन हात साफ करायला. दोन, रात्री उसाला पाणी धरताना बिबट्यासाठी. तीन, द्राक्षाचं पेमेंट घेऊन येताना कमरेला. सोबत अमेरिकन व्हिडिओ बघून लिहिलेली टिपणं होती. चार इंची नळी, .३५७ मॅग्नम, अमुक कंपनी विरुद्ध तमुक कंपनी.

इतका नीट लिहिलेला रिक्वायरमेंटचा कागद मला ऑफिसात कुणी देत नाही, हे आधी कबूल करतो. तरी माझं उत्तर त्याला आवडलं नाही आणि त्याच्यासारख्या अनेकांना आवडणार नाही. उत्तर असं: दादा, यातलं पहिलं काम जमणार नसेल तर बाकीच्या दोन कामांसाठी कुठलंच रिव्हॉल्व्हर घेऊ नकोस. रेंज हा तुझ्या यादीतला हौसेचा भाग नाही, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिली गोष्ट, आपल्याकडे निवड आपण करत नाही, कायदा करतो. लष्कर-पोलिसांच्या वापरातली ९ मिमी, .३८ वगैरे बोअर ही 'निषिद्ध'. सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करणं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद. त्यामुळे तुझं ते .३५७ म्हणजे बहुतेक कुणाच्या आजोबांनी आणलेलं जुनं हत्यार, सोन्याच्या भावात. उरलं काय? बत्तीस बोअर. कानपूरचं सरकारी रिव्हॉल्व्हर. त्याच घराण्यात २०१४ साली टायटॅनियम मिश्रधातूचं 'निर्भीक' आलं, वजन ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. २०२३ साली 'प्रबल' आलं, नळी ७६ मिमी, सिलेंडर बाजूला उघडणारा. खासगी कारखान्यांचीही थोडीफार आहेत. पण काडतूस बहुतेकांचं तेच, .३२ लाँग. आपल्या पुण्याच्या खडकीतही ते बनतं.

हे काडतूस १८९६ सालचं. साडेसहा ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी, सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटर वेग. गणित केलं तर ऊर्जा साधारण दीडशे ज्यूल. व्हिडिओतल्या .३५७ ची याच्या चार-पाच पट असते. म्हणजे तू ज्या हत्याराबद्दल वाचतोयस ते तुला सहज मिळणार नाही, आणि जे मिळणार आहे त्याबद्दल तू काहीच वाचलेलं नाहीस.

आता बिबट्या. मी शहरात बसून बोलतोय असं म्हणू नका, बिबट्या २०२३ च्या नोव्हेंबरात आमच्या सिडकोतसुद्धा येऊन गेलाय. भीती खरी आहे. रात्री दोन वाजता, हातात बॅटरी, पायात चिखल, दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस. तिथे बिबट्या आलाच तर तो दोन-तीन मीटरवरून आणि बहुतेक मागून येतो. कमरेचं हत्यार काढून, अंधारात नेम धरून, दीडशे ज्यूलची गोळी योग्य जागी घालायला तुझ्याकडे एक सेकंदही नसतो. आणि लागली पण मेला नाही तर? जखमी बिबट्या उसात सोडून देणं म्हणजे उद्या सकाळी तोडणीला येणाऱ्या बायामाणसांचा जीव टांगणीला लावणं. कायदा म्हणशील तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवताना मारला तर गुन्हा नाही, पण अंदाजाने उसात बार काढणं म्हणजे जीव वाचवणं नव्हे.

गंमत म्हणजे १९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी साधी, किमान २० इंच नळीची बंदूक, आणि पीक राखायला ठासणीची, असा त्यात वेगळा उल्लेख आहे. शेतातल्या जनावरासाठी रिव्हॉल्व्हर हा विचार कायदा करणाऱ्यांच्याही डोक्यात नव्हता.

आणि खरं सांगू? बिबट्यावर उत्तर हवं असेल तर ते रात्री दोन वाजता तुला उसात जावंच का लागतं इथून सुरू होतं. कारण लाईट त्या वेळेला येते. सव्वा लाखाच्या रिव्हॉल्व्हरसाठी कलेक्टर कचेरीत जितके हेलपाटे घालशील तितके दिवसाच्या विजेसाठी किंवा सौरपंपासाठी घाल. बग फिक्स करायचा सोडून त्याच्यावर अलार्म बसवण्यात काय हशील आहे?

तिसरं काम, कमरेला लावणं. इथे मात्र मी दादाच्या बाजूने थोडं बोलतो. वस्तीवर राहणाऱ्या माणसाला पोलीस येईपर्यंतचा अर्धा तास किती लांब असतो ते फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला कळत नाही. 'सामान्य माणसाला हत्यार कशाला' असं कॉफी पीत म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्याला नि:शस्त्र केलं हा इतिहासही खोटा नाही. नाशकात तर हा विषय निघाला की कुणीतरी विजयानंद थिएटर, २१ डिसेंबर १९०९ आणि अनंत कान्हेरे काढतोच. (ते ब्राउनिंग पिस्तूल होतं, रिव्हॉल्व्हर नव्हे. असो.)

पण हक्क वेगळा आणि कुवत वेगळी. मोटरसायकलवरून दोघं येऊन पिशवी ओढतात तेव्हा तुझा एक हात हँडलवर असतो. तुझ्या कमरेला काय आहे हे त्यांना आधीच माहीत असेल, तर त्यांना आता पिशवीसोबत रिव्हॉल्व्हरही हवं असतं. आणि गावात हे माहीत नसतं असं होतच नाही, कारण निम्म्या लोकांचं कमरेला लावणं हे शर्ट किंचित वर सरकावा यासाठीच असतं :) पैसे बँकेतून वळते करून घे, पिशवीच नको. निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. लग्नात हवेत बार काढलास तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात.

आणि सगळ्यात मोठा धोका चोराचा नाहीच. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा याला स्वत:च्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. घरात, पहाटे, कुणी हल्ला केलेला नसताना. लोक हसले. मी हसलो नाही. का ते पुढे सांगतो.

आता रेंज. दादाच्या कागदावर 'कधीमधी' असा शब्द होता, माझं भांडण त्या शब्दाशी आहे. थोडं आठवीचं गणित करू. छोट्या रिव्हॉल्व्हरच्या पुढच्या आणि मागच्या नेमखुणांत समजा ११० मिमी अंतर आहे. नेम धरताना त्यात एक मिलिमीटर चूक झाली, तर २५ मीटरवर गोळी साधारण २३ सेंटिमीटर बाजूला जाते. स्पर्धेच्या कागदावरचं काळं वर्तुळच २० सेंटिमीटर व्यासाचं असतं. 'प्रबल'च्या जाहिरातीत ५० मीटरचा पल्ला होता. तिथे तीच चूक ४५ सेंटिमीटर होते. म्हणजे गोळी पोचते, तिथे नसलेल्या माणसाला लागते. स्पर्धेच्या पिस्तुलात हे अंतर २२० मिमीपर्यंत चालतं, म्हणून चूक अर्ध्यावर येते.

तसंच वजनाचं. ५०० ग्रॅम हे विकायला छान. पण रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न ओढता दाबायला काही किलोंचं बळ लागतं. अर्धा किलोच्या वस्तूवर एका बोटाने काही किलो ओढायचं आणि ती हलू द्यायची नाही! हलकं हत्यार खिशाला सोपं, हाताला अवघड.

बिचाऱ्या बत्तीस बोअरला मात्र नावं ठेवू नका. ताकदीला कमी, पण अचूकपणात जगभर मान आहे. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात हेच काडतूस पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं. त्या प्रकारात २००६ च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणाने ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. धक्का कमी, त्यामुळे शिकायला उत्तम. म्हणजे आपल्याला सहज मिळणारं काडतूस नेमकं सरावासाठी चांगलं, आणि आपण ते सोडून बाकी सगळ्यासाठी घेतो!

आणि हे नाशकात बसून बोलायचं म्हणजे कहर. माजी पोलीस अधिकारी भीष्मराज बाम यांनी याच गावात नेमबाजांच्या मनाची तयारी हा विषय आयुष्यभर शिकवला. २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसळे इथल्याच क्रीडा प्रबोधिनीत घडला. हत्यार बाजूला, आधी माणूस तयार करायचा, हे शिकायला आपल्याला अमेरिकन व्हिडिओ कशाला हवेत?

आता ते राहिलेलं सांगतो. दादाला आठवण करून दिली तेव्हा तो गप्प झाला.

आम्ही लहान होतो. दसऱ्याला आतोबांचं रिव्हॉल्व्हर पाटावर मांडलं होतं. विळा, कोयता, पाना, तराजू आणि मधे ते, वर झेंडूचं फूल. वर्षातून एकदाच ते कपाटातून निघायचं, पूजेला. पूजा झाल्यावर आतोबा म्हणाले, "रिकामं आहे रे, बघा ओढून." दादाने दोन्ही हातांनी धरून ओढलं. नुसतं टक झालं. मग माझी पाळी. मी ओढलं आणि कानात नुसती शिट्टी. गोळी आत्याच्या डोक्यावरून वीतभर वर भिंतीत शिरली. आत्या नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. आतोबा वाईट माणूस नव्हते, निष्काळजीही नव्हते. त्यांना फक्त ते हत्यार हातात घ्यायची सवय नव्हती. उघडून बघायची सवय हाताला लागते, डोक्याला नाही. भिंतीतलं ते भोक अजून आहे. त्यावर कॅलेंडर असतं.

म्हणून दादाला जे सांगितलं तेच इथे लिहितो. आधी वर्षभर एअर पिस्तूल मार. .१७७ चं, २० ज्यूलच्या आतलं, त्याला परवाना लागत नाही. दर आठवड्याला रेंजवर ये. त्यानंतरही हवंसं वाटलं तर पोलादी घे, सातशे ग्रॅमच्या आसपासचं, मिळेल तितक्या लांब नळीचं. चाप स्वत: दाबून बघ, अडकतो का. घोडा ओढलेला असताना सिलेंडर बोटांनी हलवून बघ, किती खेळ आहे. रिव्हॉल्व्हरच्या आधी भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी घे, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेव. नियमात सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आहे, तिच्याकडे कागद म्हणून बघू नकोस. हे जमणार नसेल तर घेऊ नकोस. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं.

रविवारी त्याला रेंजवर नेलं. दहा मीटर, एअर पिस्तूल, १७ सेंटिमीटर चौकोनाचा कागद, कुणी अंगावर येत नाही, भरपूर उजेड. दहा छर्रे मारले. कागदावर भोकं सहा.

परत येताना गाडीत बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाकीचे चार कुठं गेले असतील रे?"

मी म्हटलं, तुझ्या घरी कॅलेंडरच्या मागे बघ.

पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणालाय.