आवाज यंत्राचा की टेबलाचा?

हौशी लोकांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता अँप्लिफायर बदलायला हवा." मी दरवेळी विचारतो, "तुमचं रेकॉर्ड प्लेअर ठेवलंय कशावर?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. शोकेसवर. त्याच शोकेसवर दोन्ही बाजूंना स्पीकरही असतात. म्हणजे स्पीकर लाकूड हलवतो, लाकूड प्लेअरला हलवतं, आणि सुई तेही गाण्याबरोबर वाचून परत स्पीकरकडे पाठवते. यात नवा अँप्लिफायर काय करणार? तो हाच घोळ जरा मोठा करून ऐकवील.

माझं मत स्पष्ट आहे. रेकॉर्ड ऐकणाऱ्याने हजारो रुपये खर्चण्याआधी चार साध्या स्प्रिंगा घ्याव्यात. हार्डवेअरच्या दुकानातल्या. दुकानदार "कशासाठी?" म्हणून विचारतो, खरं सांगितलं की हसतो. हसू द्यावं.

ही काही जुगाडू कल्पना नाही. 1961 साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी अकूस्टिक रिसर्च या कंपनीचा टर्नटेबल आणला. त्यात तबकडी आणि सुईची दांडी एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी स्प्रिंगांवर झुलती ठेवली होती. मोटर वेगळी, वरच्या पत्र्याला. पुढे थोरेन्स आणि लिन या नावाजलेल्या कंपन्यांनी हीच वाट धरली. व्हिलचर यांचं यंत्र त्या काळी स्वस्तात मोडत होतं, हे मला विशेष आवडतं. आज मात्र "आयसोलेशन फीट" या नावाने चकचकीत डबीत चार पाय विकले जातात आणि किंमत ऐकून माणूस खाली बसतो. आत पुष्कळदा स्प्रिंगच असते. आपल्याकडे अशा खर्चाला इसराफ म्हणतात.

पण कुठलीही स्प्रिंग चालत नाही, आणि इथेच लोक फसतात. खूप कडक स्प्रिंग म्हणजे लाकडाचा ठोकळाच. खूप मऊ असेल तर वजनाखाली वेटोळी एकमेकांना टेकतात, मग तोही ठोकळाच. पट्टी घेऊन मोजा: वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती मिलिमीटर दबली? त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. आलेलं उत्तर म्हणजे ती वस्तू सेकंदाला साधारण किती वेळा डुलेल, म्हणजे तिचे हर्ट्झ. 25 मिलिमीटर दबली तर सुमारे 3. फक्त 4 मिलिमीटर दबली तर जवळपास 8. सुईची दांडी स्वतः साधारण 8 ते 12 हर्ट्झला डुलते, म्हणून तो 8 चा आकडा टाळायचा. दोघं एका तालात आले की सुई नाचते. स्प्रिंगेचा आकडा 3-4 च्या आसपास असला की 30 हर्ट्झच्या वरचं टेबलाचं थरथरणं जवळजवळ खालीच अडतं. सहा किलोचा प्लेअर चार स्प्रिंगांवर, म्हणजे एकीवर दीड किलो. दुकानातच दीड किलोचं काहीतरी ठेवून बघावं.

स्प्रिंग उंच आणि बारीक नको, बुटकी आणि रुंद हवी, नाहीतर प्लेअर आडवा झुलतो. आत थोडा स्पंज सैलसर भरला की डुलणं लवकर थांबतं. मोटरच्या बाजूला वजन जास्त असतं, तिकडची स्प्रिंग अधिक दबते, तेव्हा गवंड्याची पाणसळ ठेवून पातळी पाहावी.

फरक पडला का, हे कानाला विचारण्याआधी बोटाला विचारा. तबकडी थांबलेली, सुई टेकवलेली, आवाज थोडा वाढवलेला. आता टेबलावर टिचकी मारा. स्प्रिंगांशिवाय स्पीकरमधून 'धप्प' येतं. स्प्रिंगांवर ते अगदी मंद व्हायला हवं. नाही झालं तर वजन आणि स्प्रिंग जुळलेली नाही.

मी भाषेचा मास्तर, मला शब्द हवे असतात. बेगम अख्तर ऐकताना 'क' आणि 'क़' वेगळे कळले नाहीत तर माझ्यासाठी अर्धी गझल गेली. खालच्या पट्टीतली घुमघुम वाढली की तिच्याखाली पहिल्यांदा व्यंजनं दबतात. वर्गातही तेच. लोखंडी कपाटावर ठेवलेल्या स्पीकरमधून कविता ऐकवली तर कपाटाचा पत्राच जास्त बोलतो. मुलांना 'चमचा' आणि 'चिमटा' यांतले दोन 'च' ऐकवायचे कसे? तिथे स्प्रिंगाही लागल्या नाहीत, जाड स्पंजवर स्पीकर ठेवला तरी पत्रा गप्प झाला.

मर्यादाही सांगायला हव्यात, कारण विकणारे सांगत नाहीत. ज्यात काही फिरत नाही अशा अँप्लिफायरखाली स्प्रिंगा ठेवून आवाज "खुलला" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. डोळे मिटून बसा आणि घरच्यांना स्प्रिंगा काढायला-घालायला सांगा, किती वेळा ओळखता ते बघा. उंच स्पीकर मऊ स्प्रिंगांवर ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. आणि कोकणातल्या जुन्या घरांचा लाकडी माळा असेल तर स्प्रिंगांनी उलट त्रास वाढू शकतो. माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, ते 3 हर्ट्झच्या जवळ, त्यामुळे चालताना सुई उडते. अशा घरात दगडी भिंतीला ठोकलेली फळी बरी.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक. सबवूफरखाली जुळत्या स्प्रिंगा ठेवल्या की स्लॅबमधून खाली उतरणारा धक्का कमी होतो. खालच्या घरात कुणी आजारी असेल, परीक्षेचं पोर असेल, त्यांचा आपल्यावर हक्क आहेच. पण हवेतून जाणारा बेस स्प्रिंग अडवत नाही. म्हणून रात्री दहानंतर सबवूफरचं बटण मी बंदच करतो, स्प्रिंगा असल्या तरी.