अंगाचा रंग कोणता?

सुट्टी लागली की गल्लोगल्ली मुलांची चित्रकलेची शिबिरे भरतात. माणसाचे चित्र रंगवायची वेळ आली की मुले पेटीतला फिकट गुलाबी खडू शोधू लागतात. त्याला ती 'स्किन कलर' म्हणतात. खरे तर या रंगाचे माणूस आपल्या घरात औषधालाही सापडायचे नाही! अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने या खडूचे 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्येच बदलून 'पीच' केले. आपल्याकडे मात्र जुनी समजूत अजून टिकून आहे.

आपल्या सावळ्या मुलांची ही गत, तर सिद्दी मुलांनी कोणता खडू उचलावा?

सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. पण आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज आजही आपल्या शेजारी राहतात. कर्नाटकातील यल्लापूर, हल्याळ आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूर या तालुक्यांत रानालगत त्यांची घरे आहेत. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले त्यांचे अनेक पूर्वज तेथून निसटून या जंगलांच्या आश्रयाला आले. त्यांची बोली कोकणी-मराठीच्या वळणाची. तरीही मोठ्या शहरात गेले की त्यांना विचारले जाते, ''तुम्ही कुठल्या देशाचे?''

१९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना हेरून धावण्यासारख्या खेळांचे शिक्षण दिले. पुढे काही वर्षांतच ती योजना बंद पडली. म्हणजे या मुलांचे पाय सरकारला दिसले. त्यांच्या घरातले कसबी हात मात्र नजरेआडच राहिले.

सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिला म्हणतात कवंदी. कडेपासून धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची त्रिकोणी 'फुले' लावायची. फुलांशिवाय कवंदी पुरी होत नाही. जुन्या साड्यांतूनच जन्मलेला बंगालचा कांथा आज कोलकात्याच्या दुकानांत मानाने विकला जातो. कवंदीचे नाव मात्र आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे?

घरातली कला मुलाला कुठवर नेते, याचे एक उदाहरण न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत सापडते. कृष्णवर्णीय जेकब लॉरेन्स (१९१७-२०००) मुलगा असताना आईने त्याला शाळा सुटल्यावरच्या कलावर्गात घातले. उद्देश एवढाच, की पोर रस्त्यावर भटकू नये. तिथे तो घरातल्या सतरंज्यांवरची नक्षी खडूने कागदावर उतरवू लागला. शिक्षक चार्ल्स अल्स्टन यांनी त्याला आडकाठी केली नाही. पुढे १९४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या आपल्या लोकांची कहाणी ६० चित्रांत पूर्ण केली. आज ती अमेरिकेतल्या दोन नामवंत संग्रहालयांत आहेत.

सिद्दी मुलांसाठी असे सुट्टीतले शिबिर भरवायला मोठा खर्च कशाला हवा? शाळेची पडवी, जुने कपडे, सुईदोरा आणि गावातलीच एखादी आजी पुरे. मात्र आजीला गुरुजींइतकेच मानधन आणि तोच मान द्यावा. आपली आजी शिक्षिकेच्या जागी बसलेली पाहून मुलाच्या मनात जे रुजेल, ते बाहेरच्या चित्रकाराला शिकवता येणार नाही.

आणि आपल्या मुलांचे काय? या सुट्टीत त्यांच्या हाती आरसा द्या, तपकिरी, पिवळा, काळा असे रंग द्या आणि स्वतःचा रंग स्वतः तयार करायला सांगा. शेजाऱ्याचा रंगही मग त्यांना परका वाटणार नाही.