कोळंबीच्या गालातला पोटभाडेकरू

कोळंबी साफ करताना कधी तिचा एक गाल सुजल्यासारखा दिसलाय? आत बहुधा बोपायरिड असतो. हाही कवचधारीच, म्हणजे कोळंबीचा भाऊबंद!

त्याची अळी आधी कोपेपॉड या समुद्रातल्या बारीक जिवावर बसते आणि मग कोळंबीच्या कल्ल्यांच्या पोकळीत शिरते. सहसा पहिली येणारी मादी होते. नंतरची चिमुकला नर होऊन तिच्याच अंगावर राहते. ती कोळंबीचं रक्त पिऊन वाढते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, हा बॅकग्राउंडला चालणारा प्रोसेस. सिस्टिम चालू दिसते, पण आतून खाल्ली जाते. कोळंबी सहसा मरत नाही, तिचा वंश मात्र थांबतो. ऑस्ट्रेलियाच्या कार्पेंटारिया आखातात, ‘एपिपेनिऑन इंजेन्स’ शिरलेल्या टायगर कोळंबीच्या माद्यांमध्ये अंडाशय पिकत नाही, असं आढळलं.

म्हणून संवर्धकानं बीजासाठी समुद्रातून आणलेल्या माद्यांचे गाल आधी तपासावेत आणि तळ्यात घ्यायचं पाणी बारीक जाळीतून गाळावं. अंडीच धरली नाहीत, तर पुढचं बीज कुठून येणार?

माणसाला याचा अपाय नाही. असा गाल दिसला तर आधी मुलांना उघडून दाखवा. मग कोळंबी साफ करून खुशाल कालवणात घाला!