झोपेचा हक्क वॉचमनलाही आहे



तंबाखू सोडा, मीठ कमी करा, रोज चाला, या सल्ल्यांच्या पंगतीत हल्ली 'सात-आठ तास झोपा' हाही सल्ला येऊन बसला आहे. तो शास्त्राला धरूनच आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या सात निकषांत झोपेची भर घालून ते आठ केले आणि प्रौढांना 7 ते 9 तास झोप हवी, असे सांगितले. पण हा सल्ला ज्याची रात्र स्वतःच्या ताब्यात आहे त्यालाच लागू पडतो. ज्याने आपली रात्र पगारापोटी दुसऱ्याला देऊन टाकली आहे, त्याने काय करायचे, याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

आपल्याच सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन बघा. बहुतेक ठिकाणी त्याची ड्युटी बारा तासांची असते, रात्री आठ ते सकाळी आठ. सकाळचा रिलीव्हर आला नाही की तोच पुढचे बारा तास काढतो. त्याला 'डबल मारणे' म्हणतात. सुटून तो घरी पोहोचतो तेव्हा चाळीतली ती एकच खोली जागी झालेली असते. पत्रा तापू लागलेला, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, दाराबाहेर नळावरची भांडणे. तोंडावर टॉवेल टाकून तो तीन-चार तास काढतो आणि त्यालाच झोप म्हणतो. बायकोचीही तऱ्हा वेगळी नाही. पाणी पहाटे चारला येणार म्हणून तिची रात्र तिथेच संपते. इकडे पहाटे तीनला खुर्चीत याचा डोळा लागला, तर सीसीटीव्हीतले चित्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते आणि पगारातून पैसे कापले जातात.

याचा हृदयाशी संबंध सरळ आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो, ठोकेही मंदावतात. तुटक झोपेत आणि शरीराच्या घड्याळाविरुद्ध घेतलेल्या दिवसाच्या झोपेत ही विश्रांती नीट मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेला हिशेब तर स्पष्ट आहे. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. बारा तासांची ड्युटी आठवड्याचे सहा दिवस केली की 72 तास होतात. सातवा दिवस सुट्टीचा असेलच, याची खात्री नाही.

'हे लोक रात्रभर मोबाइल बघत बसतात' असे म्हणणाऱ्यांनी चेन्नईतला अभ्यास वाचावा. तिथल्या कमी उत्पन्नाच्या कामगारांच्या मनगटावर यंत्र बांधून अर्थतज्ज्ञांनी झोप मोजली. माणसे रोज आठ तास अंथरुणात होती, प्रत्यक्ष झोप जेमतेम साडेपाच तासांची. कारणे आपल्या परिचयाचीच : उकाडा, डास, आवाज, गर्दी. मार्गदर्शन आणि साधने देऊन त्यांची रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढवली, तरी कामात फारसा फरक दिसला नाही. कामाच्या जागी, शांत कोपऱ्यात दुपारची डुलकी काढू दिली तेव्हा मात्र काम सुधारले.

कायदा झोपेला मानतो, हेही लक्षात घ्यावे. रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ नागरिकाची ईडीने रात्रभर केलेली चौकशी अयोग्य ठरवली आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे बजावले. त्यानंतर ईडीला त्याबाबत परिपत्रकही काढावे लागले. चांगलेच झाले. पण एका रात्रीच्या जागरणाने चौकशीला आलेल्या माणसाचा हक्क डावलला जात असेल, तर वर्षानुवर्षे जागणाऱ्याचे काय? उलट, सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा कायम आहे, जादा तासांना कामगाराची संमती लागेल, हे खरे. पण पोट हातावर असलेल्या माणसाची संमती कशी मिळते, हे काय सांगायला हवे?

वॉचमनच डबल मागून घेतो, असेही ऐकू येते. मागतो, कारण एका ड्युटीच्या पगारात घर चालत नाही. म्हणून पगाराला हात न लावता पाळी आठ तासांची करायला हवी. दोन माणसांच्या जागी तीन लागतील. एका माणसाचा खर्च महिना 18 हजार धरला, तर साठ फ्लॅटच्या सोसायटीत घरटी 300 रुपये पडतात. वॉचमनला पाठ टेकायला एक आडोसा आणि पंखाही द्यावा.

सरकारकडूनही दोन अपेक्षा आहेत. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात जोखमीचे गुण तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम यांना असतात. त्यात झोप आणि पाळी यांचीही नोंद व्हावी. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाज 45 डेसिबलच्या आत ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे. तो वस्त्यांतही तितक्याच कसोशीने पाळला जावा.

सोसायट्यांना मात्र सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय असणारच आहे. त्याच्या आधी वॉचमनच्या ड्युटीचे तास हा विषय घ्या आणि ठराव करूनच उठा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली